चार खिंडी, एक प्रदक्षिणा : डोलोमाइट्समधील सायकल-दिवसाविषयी गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा परिसरातील आम्ही चौघे सायकलस्वार एका जुलै महिन्यात इटलीच्या उत्तरेकडील डोलोमाइट्स पर्वतात गेलो आणि सेला पर्वताभोवतीच्या चारही खिंडी एका दिवसात सायकलने ओलांडून आलो. तेव्हापासून डिचोली, साखळी, म्हापसा, मडगाव अशा ठिकठिकाणच्या सायकलस्वारांकडून बहुतांशी तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला फोनवर सांगताना काही ना काही सुटते, म्हणून उत्तरे एकत्र लिहून ठेवली आहेत.

हा मार्ग नेमका कुठे आहे?

सेला हा डोलोमाइट्समधील एक प्रचंड, माथ्याला सपाट असलेला कातळाचा डोंगर आहे. त्याचे सर्वोच्च शिखर पिझ बोए ३,१५२ मीटर उंच आहे. या डोंगराच्या चार बाजूंना चार खोरी आहेत आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात उतरण्यासाठी प्रत्येक वेळी एक खिंड चढावी लागते. काम्पोलोंगो (१,८७५ मीटर), पोर्दोई (२,२३९ मीटर), सेला (सुमारे २,२४० मीटर) आणि गार्देना (२,१२१ मीटर) अशा या चार खिंडी. चारही ओलांडून निघाल्या जागी परत येईपर्यंत ५२ ते ५५ किलोमीटर होतात आणि एकूण चढाई सुमारे १,७०० मीटर भरते. स्थानिक लोक या फेरीला सेलारोंडा म्हणतात. हिवाळ्यात हीच फेरी बर्फावरून स्कीने केली जाते.

आकडे ऐकून "पन्नासच किलोमीटर?" असे अनेकजण विचारतात. पणजी ते काणकोण हे अंतर यापेक्षा जास्त आहे, हे खरे आहे. मात्र या पन्नास किलोमीटरांत सपाट रस्ता जवळजवळ नाहीच, आणि सुमारे निम्मे अंतर उताराचे आहे. या उताराविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण आमच्या मते गोव्याच्या सायकलस्वाराने सर्वांत जास्त काळजी त्याचीच करायला हवी.

फेरी कुठून सुरू करावी आणि कोणत्या दिशेने?

आम्ही कोर्वारा या गावातून निघालो. ते १,५६८ मीटर उंचीवर आहे, म्हणजे सकाळी चहा घेतानाच आपण गोव्यातल्या कोणत्याही शिखरापेक्षा उंच बसलेले असतो. आराब्बा, सेल्वा किंवा कानात्सेई येथूनही सुरुवात करता येते.

दिशेबाबत आमचे मत ठाम आहे. देवळात प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतो, तसा सेला पर्वत उजव्या हाताला ठेवावा. याचे कारण पूर्णपणे व्यावहारिक आहे. इटलीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. या दिशेने गेल्यास आराब्बात पोर्दोईकडे वळताना, पोर्दोई उतरून सेलाचा फाटा घेताना आणि प्लान दे ग्राल्बा येथे गार्देनाकडे वळताना, प्रत्येक ठिकाणी उजवीकडेच वळायचे असते. समोरून येणारी वाहने ओलांडून पलीकडे जाण्याची वेळ एकाही मोठ्या फाट्यावर येत नाही. डाव्या बाजूने चालवण्याची सवय जन्मभर अंगी मुरलेल्या माणसाला ही सोय फार मोलाची आहे.

या दिशेने खिंडींचा क्रमही चांगला पडतो. कोर्वाराहून काम्पोलोंगोची चढाई ५.८ किलोमीटरची, सरासरी सहा टक्के चढाची आहे आणि तेवढ्यात पाय मोकळे होतात. त्यानंतर आराब्बाहून पोर्दोईची ९.२ किलोमीटरची चढाई लागते. तिची सरासरी सात टक्क्यांच्या किंचित खाली आहे आणि तिच्यात ३३ कडक वळणे आहेत. प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. रस्ता कुरणातून वर जात असल्याने पुढची सात-आठ वळणे एकाच वेळी डोळ्यांसमोर दिसतात. आपल्या चोर्ला घाटाच्या जंगलात पुढचे वळण झाडीत लपलेले असते आणि ते आल्यावरच कळते. येथे मात्र पुढचे सगळे कष्ट आधीच दिसतात. काहींना याने धीर येतो, काहींचा सुटतो.

तिसरी खिंड सेला. कानात्सेई गावापर्यंत उतरायचे नाही, गावाच्या बऱ्याच वर फाटा आहे. तेथून साडेपाच किलोमीटर, सरासरी जवळजवळ आठ टक्के. अंतर कमी असले तरी चारांत सर्वांत कठीण हीच, कारण पोर्दोई पायांत उरलेली असते. शेवटची गार्देना सुमारे २५० मीटरच चढते आणि मध्ये थोडा सपाट भागही देते. तिच्या माथ्यावरून कोर्वारापर्यंत जवळजवळ दहा किलोमीटर नुसता उतार आहे.

मी चोर्ला घाट न थांबता चढतो. मला हे जमेल का?

चढाई जमेल. चोर्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे, त्यामुळे केरीहून तो दोनदा चढलात तरी सेलारोंडाची चढाई पूर्ण भरत नाही. एका दिवसात दोनदा चोर्ला, आणि थोडी विश्रांती घेऊन आणखी अर्धा, हे ज्याला शेवटपर्यंत बोलता येईल इतक्या श्वासात जमते त्याने निर्धास्त जावे. वेगाचा हिशेब करायचा तर ताशी ६०० मीटर उंची चढणारा सायकलस्वार चारही खिंडींच्या चढाईला एकूण तीन तासांच्या आत-बाहेर घेतो. आमची पूर्ण फेरी, थांबे धरून, सात तासांची झाली. आमच्यापैकी एकाचे वय साठीच्या उंबरठ्यावर होते आणि चौघांत सर्वांत कमी त्रास त्यांनाच झाला, कारण ते पहिल्या खिंडीपासून शेवटपर्यंत एकाच संथ लयीत चालवत राहिले.

गोव्यात राहून तयारी कशी करावी?

आपल्याकडे चोर्ला आणि मोलेहून वर जाणारा अनमोड असे दोन खरे घाट आहेत. अनमोडवर मालट्रकांची वर्दळ असते, म्हणून आम्ही चोर्ला निवडला. जुलैमध्ये जायचे असेल तर तयारी डिसेंबरपासून सुरू करावी, कारण जूनमध्ये पाऊस लागला की चोर्ल्यावर धुके, शेवाळलेली कड आणि वाहून आलेली माती यांमुळे सराव धोक्याचा होतो. एप्रिल-मे महिन्यांत अंजुणे धरणापाशी पहाटे साडेपाचला पोचून आठच्या आत पहिली चढाई संपवावी. आठवड्यातून एक दिवस घाट, दोन दिवस सपाटीवर तासभर सलग जोर लावून चालवणे आणि एक दिवस म्हार्दोळ-मंगेशी परिसरातील चढ-उतार, एवढ्यावर आमची तयारी झाली. पणजीतील आल्तिनोसारख्या छोट्या चढांवर धावपळ केल्याने दम वाढतो. तासभर एकाच लयीत चढत राहण्याची सवय मात्र त्यातून लागत नाही.

आमच्या तयारीतील सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच होती. कित्येक रविवारी आम्ही चोर्ला चढायचो, वर पातळ भाजी-पाव खायचो आणि सायकली जीपवर चढवून खाली यायचो. उन्हाचा त्रास नको, घरी वेळेत पोचावे, असे ते निमित्त होते. चार महिन्यांत चढाईचे पाय तयार झाले, पण उताराचे हात, मान आणि डोळे तयार झाले नाहीत. पोर्दोईच्या उतारावर ते आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळले. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की, जितक्या वेळा घाट चढाल तितक्या वेळा तो सायकलनेच, सावकाश आणि लक्षपूर्वक उतरा.

उतारावर नेमके काय सांभाळायचे?

आधी एक हिशेब पाहू. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८४ किलो वजन धरले तर पोर्दोईची ६३८ मीटरची चढाई चढताना आपण जी ऊर्जा साठवतो ती सुमारे ५२५ किलोज्यूल होते. दीड लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. तेवढ्याच उंचीचा उतार उतरताना ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. काही भाग हवेच्या विरोधात जातो आणि उरलेला ब्रेकमध्ये उष्णता बनून राहतो. जो भिऊन संपूर्ण उतारभर ब्रेक हलके दाबून धरतो त्याचे ब्रेक सर्वांत जास्त तापतात, कारण कमी वेगामुळे हवा फार काही करत नाही आणि ब्रेकला थंड व्हायला उसंतही मिळत नाही. म्हणून सरळ पट्ट्यात सायकल थोडी मोकळी सोडावी, वळणाच्या पुरेशी आधी दोन्ही ब्रेक जोरात व थोडा वेळ लावावेत आणि वळणात शिरताना ते सैल करावेत. कार्बनच्या रिमवर ब्रेक लागणारी सायकल अशा उतारांसाठी घेऊच नये. डिस्क ब्रेकची घ्यावी.

वळणात बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर शरीराचा भार, हात हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर, आणि नजर वळण संपते त्या जागेवर. नजर खड्ड्याकडे किंवा कठड्याकडे गेली की सायकल तिकडेच जाते, हे अनुभवी लोक नेहमी सांगतात आणि ते अक्षरशः खरे आहे. उजवीकडे वळणाऱ्या कडक वळणात आपण आतल्या, म्हणजे सर्वांत तीव्र उताराच्या कडेला असतो, म्हणून तेथे वेग सर्वांत कमी ठेवावा. मध्यरेषा कधीही ओलांडू नये. समोरून मोटारसायकली वेगाने येतात आणि वळण रुंद घेतात.

ब्रेकचा आणखी एक मुद्दा जीवावर बेतू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि युरोपातील सायकलींना बहुधा डाव्या हाताला. सायकल हातात घेतल्याबरोबर पुढचे चाक उचलून फिरवावे आणि कोणत्या मुठीने ते थांबते ते पाहावे. उलटे असेल तर दुकानातच बदलून मागावे. बदलून मिळाले नाही तर निदान एक संध्याकाळ गावातल्या मोकळ्या जागेत सराव करावा.

जुलै म्हणजे तिथला उन्हाळा. मग थंडीच्या कपड्यांवर इतका भर का?

कारण आपल्याला ही थंडी माहीतच नाही. पणजीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा २० अंशांच्या आसपास असतो. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे कोर्वारात सकाळी १२ अंश असले तर त्याच वेळी पोर्दोईच्या माथ्यावर सात-आठ अंश असू शकतात. ८ अंशांत ताशी ४५ किलोमीटर वेगाने उतरताना अंगाला लागणारा गारठा सुमारे ३ अंशांच्या हवेइतका असतो, आणि हा हिशेब कोरड्या कातडीचा आहे. आपण चढून आलेलो असतो, म्हणजे घामाने चिंब.

पोर्दोईच्या माथ्यावर फाउस्तो कोप्पी या इटालियन सायकलपटूचे स्मारक आहे. त्याने जीरो दि'इतालिया ही शर्यत पाच वेळा जिंकली होती. त्या स्मारकापाशी मी ओल्या जर्सीत दहा मिनिटे छायाचित्रे काढत उभा राहिलो आणि वरचे जाकीट खिशात असूनही ते न घालता तसाच उताराला लागलो. चौथ्या-पाचव्या वळणापर्यंत उजव्या हाताची तर्जनी पांढरी पडली होती. ब्रेक ओढला गेला की नाही हे बोटाला समजत नव्हते, डिस्कच्या घर्षणाच्या आवाजावरून ते ओळखावे लागत होते. एका रुंद जागी कसेबसे थांबलो, दोन्ही पंजे काखेत धरून पाच-सहा मिनिटे बसलो, तेव्हा बोटांत मुंग्या येऊन जीव आला. सोबतच्यांनी जाकिटाची चेन लावून दिली, कारण ती पकडण्याचीही ताकद बोटांत नव्हती.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. माथ्यावर पोचल्याबरोबर, पाणी पिण्याच्याही आधी, आतला ओला बनियन काढून कोरडा घालायचा, वर वारा अडवणारे पातळ जाकीट, हातांवर सुट्या बाह्या आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. हे सगळे घडी करून जर्सीच्या तीन खिशांत मावते. वर्तमानपत्राची घडी छातीवर जर्सीच्या आत घालण्याची जुन्या सायकलपटूंची युक्तीही उत्तम चालते. पावसाचे जाकीट वेगळे न्यावे. पणजीच्या बाजारात मिळणारा साधा रेनकोट उतारावर शिडासारखा फुगतो, तो उपयोगाचा नाही.

ऊन मात्र विसरू नये. अतिनील किरण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, आणि हवा गार असल्याने कातडी भाजत असल्याचे लक्षात येत नाही.

इतक्या उंचीवर श्वासाचा त्रास होतो का?

२,२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश असतो. त्यामुळे नेहमीच्या जोराला धाप थोडी लवकर लागते, पण बहुतेक निरोगी माणसांना यापलीकडे काही जाणवत नाही. पोचल्यावर दोन रात्री तिथे काढून तिसऱ्या दिवशी फेरीला निघावे. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

स्वतःची सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

आमचे मत भाड्याच्या बाजूने आहे. मोपा किंवा दाबोळीहून निघून दोन-तीन विमाने, मग आगगाडी, मग बस, एवढ्या प्रवासात सायकलीची पेटी सांभाळणे आणि तिथे पोचून ती जोडणे यात एक पूर्ण दिवस जातो. वेरोना, व्हेनिस किंवा इन्सब्रुक येथे विमानाने उतरून रेल्वेने बोल्झानो वा ब्रेसानोने गाठता येते आणि पुढे खोऱ्यांत बस जाते. स्वतःची पेडले, बूट, हेल्मेट आणि शक्य झाल्यास खोगीर सोबत न्यावे. घरच्या सायकलीवर पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात त्या मधल्या आसापासून खोगिराच्या वरच्या कडेपर्यंतची उंची आणि खोगिराच्या टोकापासून हँडलपर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहून न्यावे. दुकानात त्या दोन आकड्यांवर पाच मिनिटांत सायकल बसवून मिळते.

गिअर कोणते मागावेत?

पुढे ५० व ३४ दातांच्या चेनरिंग (पेडलपाशी असलेल्या चक्र्या) आणि मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा चक्र्यांचा संच). आमच्या दुकानदाराने हे लेखी कबूल केले होते, पण माझ्या वाट्याला आलेल्या सायकलीला मागे २८ दातच निघाले आणि तोवर दुसरी सायकल शिल्लक नव्हती. फरक किती पडतो ते सांगतो. आठ टक्के चढावर मिनिटाला ७० वेळा पाय फिरवायचे असतील तर ३४-३४ या जोडीवर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आत येतो आणि ८४ किलो एकूण वजनाला साधारण १७० वॅट लागतात. मागे २८ दात असतील तर तीच लय ठेवायला ताशी पावणेअकरा किलोमीटरने चढावे लागते आणि २१० वॅट लागतात. एवढी ताकद तासभर माझ्यात नाही, म्हणून मी पाय सावकाश फिरवत, गुडघ्यांवर भार घेत सेला चढलो आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना त्याची किंमत कळली. कॅसेटचे दात दुकानातच मोजून घ्या. सर्वांत मोठ्या चक्रीवर आकडा कोरलेला असतो.

उजव्या बाजूच्या वाहतुकीची सवय किती वेळात होते?

चालवत असताना लगेच होते. धोका थांबून पुन्हा निघताना असतो. आराब्बात पाणी भरून निघालेला आमचा एक सोबती, रस्ता रिकामा असल्यामुळे, जन्माच्या सवयीने डाव्या कडेला लागला आणि समोरून बस येईपर्यंत त्याला पत्ता नव्हता. प्रत्येक थांब्यानंतर निघताना मोठ्याने "उजवीकडे" म्हणण्याचे आम्ही ठरवले आणि ते शेवटपर्यंत पाळले. हँडलला आरसा लावत असाल तर तो डाव्या टोकाला हवा. वर्तुळाकार चौकात गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात.

प्रौढ सायकलस्वाराला तिथे हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही, पण ते न घालता उतरण्याचा विचारही करू नये. अंधार पडल्यावर गावाबाहेर आणि बोगद्यांत चमकणारे जाकीट सक्तीचे आहे.

खाण्यापिण्याचे काय? शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते. प्रत्येक खिंडीच्या माथ्यावर उपाहारगृहे आहेत. पालक किंवा चीज घालून केलेले पावाचे उकडलेले गोळे, ज्यांना तिथे कानेदेर्ली म्हणतात, मक्याच्या पिठाचा पोलेन्ता आणि सफरचंदाचा श्ट्रुडेल हे पदार्थ सायकलस्वाराला उत्तम. कानेदेर्लीत बरेचदा श्पेक, म्हणजे डुकराचे धुरावलेले मांस, असते आणि सूप मांसाच्या पाण्यात केलेले असू शकते, त्यामुळे मागवण्यापूर्वी विचारावे. माथ्यावर भरपेट जेवू नये. प्रत्येक खिंडीवर थोडे थोडे खावे.

सोबत घरचे काय न्यावे, हा प्रश्न आया-बहिणींकडून हमखास येतो. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून मांस आणि दूध किंवा त्यापासून केलेले पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप घरीच राहू द्यावे. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून आंबेही नेता येत नाहीत. नारळ, केळी, अननस, खजूर मात्र त्यातून वगळलेले आहेत. आम्ही जत्रेतली खाजी नेली होती. बेसन, गूळ, आले आणि वर तीळ, तेही तेलात तळलेले. ती वितळत नाहीत, चुरडत नाहीत आणि गारठ्यात आल्याचा तिखटपणा घशाला बरा वाटतो. सेलाच्या फाट्यावर हातमोजे न काढता खाजे मोडून खाल्ले तेव्हा शिरगावच्या जत्रेतील दुकानांची फेरी डोळ्यांपुढे उभी राहिली.

कोणत्या महिन्यात जावे?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. ऑगस्टमध्ये इटालियन लोकांची सुट्टी असल्याने रस्त्यांवर गर्दी फार असते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी वादळे येतात, म्हणून सकाळी साडेसातला निघून दोनच्या आत परत येण्याचा बेत ठेवावा. निघायला उशीर झाला तर चारऐवजी दोन खिंडी करून परत फिरावे.

गाड्यांशिवाय या रस्त्यांवर सायकल चालवता येते का?

येते. वर्षातून ठरावीक दिवशी, बहुधा एकदा जूनमध्ये आणि एकदा सप्टेंबरमध्ये, ही संपूर्ण फेरी काही तास मोटारींसाठी बंद ठेवून सायकलींना मोकळी केली जाते. त्यासाठी शुल्क नाही. तारखा आधी पाहून तिकिटे काढावीत. याखेरीज जुलैच्या सुरुवातीला मॅराटोना दलेस डोलोमाइट्स ही १९८७ पासूनची मोठी सायकलफेरी होते. तिचा सर्वांत छोटा मार्ग म्हणजे याच चार खिंडी. सर्वांत लांब मार्ग १३८ किलोमीटर आणि ४,२३० मीटर चढाईचा आहे. तिथे प्रवेश मुख्यतः सोडतीने मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने हजारो सायकलींच्या गर्दीत उतार उतरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्हिसा आणि विमा?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून तीन महिने आधी हालचाल करावी. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोमंतकीयांना हा प्रश्न नाही. विम्यात किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असावे लागते. तिथेच थांबू नये, तर पर्वतातील सायकल चालवणे आणि डोंगरातून सुटका हे त्यात धरले आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. अनेक स्वस्त पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात.

भाषेची अडचण येते का?

बोलण्यात नाही, पाट्यांवर येते. पहिल्या महायुद्धापर्यंत हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. बोल्झानोहून पोर्दोईमार्गे कोर्तिनाला जाणारा मोठा डोलोमाइट रस्ता १९०९ मध्ये त्याच राजवटीत पूर्ण झाला आणि अवघ्या सहा वर्षांत या डोंगरांतून युद्धाची आघाडी गेली. त्यामुळे आज येथे इटालियन, जर्मन आणि स्थानिक लादीन अशा तीन भाषा नांदतात. लादीन बोलणारे सुमारे तीस हजारच आहेत, तरी ती शाळेत शिकवली जाते आणि गावाच्या पाटीवर मानाने असते. भाषेच्या प्रश्नावर घराघरांत चर्चा झालेल्या गोव्याच्या माणसाला ती पाटी पाहून थांबावेसे वाटते. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते एवढेच की एकाच गावाला दोन-तीन नावे असतात. सेल्वा आणि वोल्केनश्टाइन हे एकच गाव आहे, गार्देना आणि ग्रोडेन हे एकच खोरे आहे. नकाशात एक नाव आणि पाटीवर दुसरे दिसले म्हणून आमच्यातला एकजण फाट्यावर पंधरा मिनिटे उभा होता.

वाटेत वादळ आले किंवा पुढे जाणे शक्य नसेल तर?

वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरांच्या आत आहे. अशा वेळी माथ्याकडे जाऊ नये, जवळच्या इमारतीत थांबावे. एकाकी झाडाखाली थांबू नये. पोर्दोई उतरताना हवा बिघडली तर सेलाचा फाटा सोडून सरळ कानात्सेईत उतरावे. तेथून टॅक्सीने सायकलीसह परत येता येते, फक्त भाडे आधी ठरवावे. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. तो फोनवर शोधण्याऐवजी हेल्मेटच्या आत चिकटवून ठेवावा, सोबत रक्तगट आणि घरचा एक क्रमांक.

ओला रस्ता झाल्यास ब्रेक लागायला अंतर जास्त लागते आणि रंगाचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे फार निसरडी होतात. आपल्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावर तेलकट थर वर येतो, तसेच तिथेही होते.

कुटुंबीय सोबत असतील, पण सायकल चालवत नसतील तर ते दिवसभर काय करतील?

बसने पोर्दोईच्या माथ्यावर यावे. तिथून २,९५० मीटरवरील सास्स पोर्दोईपर्यंत दोरमार्गाने जाता येते आणि वरून ३,३४३ मीटर उंचीच्या मार्मोलादा पर्वताची हिमाच्छादित बाजू समोर दिसते. त्यांनीही गरम कपडे न्यावेत. आणि निघताना त्यांच्याकडे प्रत्येक सायकलस्वाराचा एक कोरडा बनियन, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा देऊन ठेवावा. आपण चढून आल्याबरोबर, कोप्पीच्या स्मारकाकडे वळण्यापूर्वी, त्यांनी तो बनियन पुढे करावा, असे सकाळीच बजावून ठेवावे.